पोट्ट्यानं भलताच क्लास निवडला, आता डीएमनं करायचं काय?

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये (डी अँड डी) डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरचं, कॅम्पेन, म्हणजे बरेच सेशन चालणारी गोष्ट, ठरलेलं असतं. दरबारातलं राजकारण, विषप्रयोग, खोटी वंशावळ, सगळं शहराच्या आत. आणि सेशनच्या दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "दादा मी ड्रुइड घेऊन राहिलो." झालं. आता हा ड्रुइड, निसर्गाची जादू करणारा आणि प्राणी बनणारा, दरबारात करणार काय, झुंबरावर वेल चढवणार? डीएमच्या बोटाशी लगेच उत्तर तयार असतं, "अरे दुसरं काही घे ना बे". ते पाठवू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की प्लेयर क्लास (कॅरेक्टरचा पेशा) निवडतच नसतो, तो डोक्यातला एक सीन निवडतो, आणि त्या सीनचं नाव पुस्तकात शोधता शोधता जो क्लास हाताला लागतो तो सांगून देतो. सीन कोणता ते कळलं की क्लासबद्दल बोलणी करता येतात. ते कळायच्या आधी जे काही बोलाल ते त्याला "दादानं नाही म्हटलं" एवढंच ऐकू येतं.

खाली जे लिहितोय ते डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनवरून, कारण आपल्या इकडे बहुतेक ग्रुप २०१४ च्या पुस्तकांवर किंवा फुकटच्या पीडीएफवरच चालून राहिले. २०२४ च्या नव्या पुस्तकात जिथे मोठा फरक आहे तिथे सांगतो. दुसरी सिस्टिम खेळत असाल तर आकडे बदलतील, बोलायची पद्धत तीच राहील.

आधी बघा, नेमकं अडलं कुठं

"क्लास जमत नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळी भांडणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिलं, क्लास गोष्टीशी जुळत नाही. शहरी कॅम्पेनमध्ये रेंजर (रानात माग काढणारा) हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, कारण इथे त्रास फक्त वातावरणाचा नाही, नियमांचाच आहे. २०१४ च्या रेंजरला पहिल्या लेव्हलला नॅचरल एक्सप्लोरर मिळतं, त्यात एक भूभाग निवडायचा असतो, यादीत बर्फाळ प्रदेश, किनारा, वाळवंट, जंगल, गवताळ रान, डोंगर, दलदल आणि अंडरडार्क (जमिनीखालची दुनिया) आहे, शहर नाहीच. म्हणजे तो प्लेयर नागपूरच्या महाल-इतवारीसारख्या गल्ल्यांमध्ये चोराचा माग काढत असेल तर त्याच्या शीटवरची अर्धी मजा बंद पडलेली असते आणि त्याला ते चौथ्या-पाचव्या सेशनला कळतं.

दुसरं, पार्टीशी जुळत नाही. सगळे चोर, त्यात एक पॅलडिन, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा. किंवा दोन रोग (आजार नव्हे, लपून वार करणारा चोराचा क्लास). किंवा कोणीच हीलर नाही.

तिसरं, क्लास त्या माणसाशी जुळत नाही. यावर पुढे बरंच लिहितो कारण सगळ्यात जास्त गेम यानेच बिघडतात.

चौथं, क्लास तुमच्या टेबलाच्या नियमात बसत नाही. इंटरनेटवरून कोणाचा तरी घरगुती क्लास उचलून आणला, किंवा आर्टिफिसर (जादूच्या वस्तू बनवणारा) हवाय, जो २०१४ च्या मूळ बारा क्लासमध्ये नाहीच, २०१९ च्या एबेरॉनच्या पुस्तकात आला आणि २०२० मध्ये टाशाच्या पुस्तकात (टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग) परत छापला.

आणि हो, एक पाचवंही असतं पण ते प्लेयरचं भांडण नाही. डीएमला बार्ड (गाण्या-बोलण्यातून जादू करणारा) आवडत नाही. किंवा त्याला वाटते मंक (हातापायांनी लढणारा) आपल्या "सिरीयस" दुनियेत शोभत नाही. हे असेल तर गपचूप चहा प्या आणि बार्ड येऊ द्या. दुनिया तुमची आहे पण संध्याकाळ सगळ्यांची आहे.

एकट्याला गाठून विचारा

ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर विचारलं की बाकीचे पोट्टे लगेच मत द्यायला लागतात, कोणी कोणता क्लास किती भारी त्या टियर लिस्टचा स्क्रीनशॉट टाकतो, आणि ज्याचा क्लास आहे तो एक तर हट्टाला पेटतो नाहीतर "ठीक आहे, सांगा तुम्हीच काय घेऊ" म्हणून मोकळा होतो, आणि दुसरं जास्त वाईट, कारण मग तो सहा महिने दुसऱ्यानं दिलेलं कॅरेक्टर ओढत बसतो. फोन करा, नाहीतर सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर भेटा.

आणि "ड्रुइडच काहून?" असं विचारू नका, त्याचा सूर जाब विचारल्यासारखा लागतो. विचारा की तुझ्या डोक्यात सीन काय आहे. बोलणं साधारण असं जाते:

"बरं, समज सेशन चालू आहे, तुझा टर्न आला, सगळे तुझ्याकडे बघून राहिले. तू काय करतो?"

"मी वाघ बनतो."

"वाघ?"

"हाव ना दादा. सगळे घाबरतात, मी उडी मारतो, समोरच्याचा गळा. मले वाघ बनायचं आहे बस. ते झाडंबिडं मले नको."

आता बघा, दोन मिनिटांत काय काय कळलं. पोट्टा नागपूरचा, एका बाजूला पेंच, दुसऱ्या बाजूला ताडोबा, त्याला वाघच सुचणार. त्याला ड्रुइडच्या स्पेल नको आहेत, निसर्गाचा रक्षक वगैरे नको आहे. आणि आता तुम्ही पुस्तक उघडून त्याला एक वाईट बातमी देऊ शकता जी त्याला कोणीच सांगितलेली नव्हती. पहिल्या लेव्हलच्या ड्रुइडला वाइल्ड शेप, म्हणजे प्राणी बनायची ताकद, नसतेच, ती दुसऱ्या लेव्हलला येते. तेव्हाही साध्या ड्रुइडला पाव चॅलेंज रेटिंगपर्यंतचेच (प्राणी लढायला किती भारी त्याचा आकडा) प्राणी बनता येतात, आणि वाघाचं रेटिंग आहे १. २०१४ च्या नियमात सर्कल ऑफ द मून हा सबक्लास (क्लासमधली शाखा) घेतला तर दुसऱ्याच लेव्हलला १ पर्यंत जाता येते, २०२४ च्या पुस्तकात सगळेच सबक्लास तिसऱ्या लेव्हलला सरकवले म्हणून तिथे तिसरी लेव्हल. पण तुमचा ग्रुप फक्त फुकटच्या एसआरडी ५.१ या नियमांच्या पीडीएफवर खेळत असेल, जी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुली आहे, तर त्यात ड्रुइडचा एकच सबक्लास आहे, सर्कल ऑफ द लँड, आणि मग वाघ थेट आठव्या लेव्हलला. आठवी लेव्हल! तोवर पोट्ट्याचं इंजिनियरिंग संपते.

त्यात अजून एक, २०१४ च्या नियमात वाघ झाल्यावर बोलता येत नाही आणि नवा स्पेल टाकता येत नाही. दरबारी कॅम्पेनमध्ये जिथे सगळं बोलण्यावर चाललंय तिथे तो वाघ होऊन कोपऱ्यात बसणार.

म्हणून मग त्याच्यासमोर दोन-तीन गोष्टी ठेवा. बार्बेरियन घे, टाशाच्या पुस्तकात पाथ ऑफ द बीस्ट आहे, रागात आला की पंजे नाहीतर दात निघतात, सबक्लास तिसऱ्या लेव्हलला येतो पण राग पहिल्या लेव्हलपासून आहे, दिवसाला दोनदा. किंवा टॅबॅक्सी घे, मांजराच्या जातीचे दोन पायांवर चालणारे लोक, २०१६ च्या व्होलोच्या पुस्तकातले, पंजे जन्मापासूनच आहेत, वर रोग क्लास चढव आणि दरबारातल्या छपरांवरून उड्या मार, शिवाय बोलताही येते. किंवा ड्रुइडच राहा पण मून घे, आपण तिसऱ्या लेव्हलपासून सुरू करू, आणि मी दरबाराबाहेर शिकारखाना ठेवतो. तीनही गोष्टींत वाघ आहे. निवड त्याची. इथे बहुतेक जण स्वतःच क्लास बदलतात, आणि ज्याला ड्रुइडच हवा असतो तो निदान डोळे उघडे ठेवून घेतो.

आधी तुमच्या बाजूनं काय हलते ते बघा

प्लेयरला बदल म्हणायच्या आधी स्वतःच्या वहीत बघा. रेंजरच्या केसमध्ये तर इलाज छापलेलाच आहे, टाशाच्या पुस्तकात नॅचरल एक्सप्लोररच्या जागी डेफ्ट एक्सप्लोरर घ्यायचा पर्याय दिला आहे, त्यात पहिल्या लेव्हलला एका स्किलमध्ये दुप्पट प्रोफिशियन्सी (सरावाचा) बोनस मिळते आणि दोन जास्तीच्या भाषा, म्हणजे शहरातही काम चालते. पुस्तक नसेल तर सरळ सांगा, "शहर हा भूभाग धरून घे". जुन्या वाड्यांचे बोळ, नाल्याच्या खालचे रस्ते, नाग नदीसारखी शहरातून जाणारी नदी, या सगळ्यात माग काढणारा माणूस कोणत्याही जंगली रेंजरइतकाच भारी वाटते. फेव्हर्ड एनिमीमध्ये (रेंजर ज्या शत्रूंचा जाणकार असतो) माणसासारख्या (ह्युमनॉइड) दोन जाती निवडता येतात हेही बऱ्याच जणांना माहीत नसते, शहरी कॅम्पेनला तेच घ्यायला सांगा.

पण किती वाकायचं याला माप ठेवा. एक प्लेयर खूश व्हावा म्हणून अख्खं कॅम्पेन जंगलात नेलं तर ज्यांनी दरबारासाठी बार्ड आणि रोग बनवले ते उपाशी. माझं माप असं की दर दोन-तीन सेशनमध्ये त्या क्लासला एक सीन देता येत असेल तर क्लास येऊ द्यायचा. तेवढाही जमत नसेल तर बदलायचं बोलायचं.

चोरांच्या टोळीतला पॅलडिन

पॅलडिनची भीती जुन्या एडिशनमधून आलेली आहे. तेव्हा पॅलडिन लॉफुल गुडच (नियम पाळणारा सज्जन) असावा लागे, आणि वाईट लोकांसोबत फिरायलाही बंदी होती, त्यामुळे एक पॅलडिन आला की अख्ख्या पार्टीला संस्कार वर्ग. पाचव्या एडिशनमध्ये ती अट नाही. आता पॅलडिन तिसऱ्या लेव्हलला शपथ घेतो आणि शपथा वेगवेगळ्या आहेत. ओथ ऑफ व्हेन्जन्सचा पॅलडिन मोठ्या दुष्टाला संपवायला जवळपास कोणताही मार्ग धरू शकतो, मग ज्या सावकाराची तिजोरी फोडायची आहे तोच मोठा दुष्ट करून टाका, विषय संपला. फक्त सेशन झिरोला, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर एवढं बोलून घ्या की हा पॅलडिन कोणत्या गोष्टीला मान खाली घालेल आणि कोणत्या गोष्टीला तलवार काढेल, म्हणजे कैद्याला मारलं चालेल का, गरिबाचं लुटलं चालेल का. दहा मिनिटं लागतात आणि पुढची सहा भांडणं वाचतात.

हीलर नाही, बळीचा बकरा शोधू नका

शेवटी येणाऱ्या प्लेयरला "क्लेरिक उरला आहे, तोच घे" म्हणणं बंद करा. १९७४ च्या पहिल्या डी अँड डीमध्ये तीनच क्लास होते, फायटिंग मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक, चोरसुद्धा १९७५ च्या पुरवणीत आला, आणि २००८ च्या चौथ्या एडिशनने तर प्रत्येक क्लासवर डिफेंडर, स्ट्रायकर, लीडर, कंट्रोलर असे शिक्केच मारले. तिथून "पार्टीत प्रत्येक जागा भरलीच पाहिजे" ही सवय पक्की झाली. पाचव्या एडिशनमध्ये शॉर्ट रेस्टमध्ये हिट डाइस (जखम भरून काढायचे फासे) टाकून प्रत्येक जण स्वतःचं स्वतः सावरतो. बार्ड आणि ड्रुइडकडे हीलिंग वर्ड आहे, पडलेल्याला उठवायला तेवढं पुरते, आणि २०२४ मध्ये तर त्याचा डाइस १डी४ (चार बाजूंचा एक फासा) वरून २डी४ केला. हीलिंग पोशन ५० सोन्याच्या नाण्यांना, २डी४+२. कोणी व्हेरियंट ह्यूमन (ज्याला सुरुवातीलाच एक फीट, म्हणजे खास कौशल्य, मिळते) घेतला असेल तर हीलर फीट घेऊ शकतो, पाच नाण्यांचा हीलर किट, दहा वापर, आणि प्रत्येक वापराला १डी६+४ अधिक समोरच्याचे जेवढे हिट डाइस तेवढे पॉइंट, एका माणसाला एका रेस्टमध्ये एकदाच. याउपर पार्टी मरत असेल तर चूक क्लेरिक नसण्याची नाही, एन्काउंटर (लढाई) जड झालं आहे.

दोन रोगचा तर प्रश्नच नाही. स्नीक अटॅकला (रोगचा जास्तीचा मार) शत्रूच्या पाच फुटांत आपला एक माणूस लागतो, दोघं रोग एका शत्रूला दोन बाजूंनी धरून उभे राहिले की दोघांनाही दर टर्नला मिळते. फक्त स्किल वेगळे घ्यायला लावा, एकाने कुलपं आणि दुसऱ्याने थापा, नाहीतर प्रत्येक दारासमोर दोघं सोबत हात वर करतात.

क्लास ठीक आहे, माणसाला झेपत नाही

सगळ्यात नाजूक भाग हा, कारण इथे तुम्ही गेमबद्दल नाही, माणसाबद्दल बोलून राहिले.

पहिल्यांदा खेळणारा विझार्ड मागतो. साहजिक आहे, दाढी, काठी, आगीचा गोळा. आता पहिल्या लेव्हलचा विझार्ड काय असतो बघा: तीन कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल), पुस्तकात सहा स्पेल, त्यातले रोज सकाळी इंटेलिजन्सच्या हिशोबानं निवडायचे, साधारण चार, आणि टाकायला स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायचे मोके, दोनच. वर कॉन्सन्ट्रेशन, रिच्युअल, कोणता स्पेल ॲक्शन आणि कोणता रिॲक्शन. हिट पॉइंट सहा अधिक कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे सात-आठ, आणि साधा गॉब्लिन १डी६+२ मारतो, म्हणजे नशीब खराब असलं तर पहिल्याच फटक्यात साहेब जमिनीवर. मे महिन्याच्या दुपारी पाच जण कूलरसमोर दाटीवाटीनं बसलेले, आणि एक जण मोबाइलवर पीडीएफ वरखाली करत "थांबा ना, कुठंतरी वाचलं होतं", हे दर टर्नला झालं की बाकीचे पाणी प्यायला उठतात ते परत येत नाहीत.

पण लगेच चॅम्पियन फायटर (साधा सोपा तलवारवाला) हातात देऊ नका. त्याला काठी पाहिजे होती, तलवार नाही. इथेही सीन विचारा. "हातातून काहीतरी सुटलं पाहिजे" असं म्हणाला तर वॉरलॉक द्या, पहिल्या लेव्हलला दोन कॅन्ट्रिप, दोन स्पेल, एक स्लॉट, तो स्लॉट तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत येतो, आणि दर टर्नला एल्ड्रिच ब्लास्ट (त्याचा मारा करणारा कॅन्ट्रिप) मारत बसलं तरी कोणी नाव ठेवत नाही. शीटवर वॉरलॉक लिहा, टेबलावर त्याला मांत्रिक म्हणा, राजगुरू म्हणा, काठी द्या, काय फरक पडते? नियम एकाचे आणि रूप दुसऱ्याचं, हे औषध डीएमच्या पेटीत सगळ्यात स्वस्त आहे आणि लोक सगळ्यात कमी वापरतात.

आणि तो म्हणाला की "मला पुस्तक पाहिजे, मला सगळ्यांपेक्षा हुशार असायचं आहे", तर विझार्डच राहू द्या आणि काम तुम्ही करा. चार जाड कागदाचे तुकडे घ्या. एकावर मॅजिक मिसाइल, खाली मराठीत लिहा: तीन बाण, प्रत्येकी १डी४+१, चुकत नाहीत, फासा टाकून बघायची गरज नाही. दुसऱ्यावर शील्ड: तुला मार बसून राहिला तेव्हा ओरडून सांग, आर्मर क्लास पाचने वाढतो. तिसऱ्यावर स्लीप, चौथ्यावर डिटेक्ट मॅजिक. दोन बटणं द्या, स्पेल टाकला की एक बटण मला परत. पहिले काही सेशन पीडीएफ बंद. दोन स्लॉटचा हिशोब बटणांवर आला की माणूस वर बघायला लागतो, आणि वर बघायला लागला की खेळायला लागतो.

लाजाळू माणसानं बार्ड घेतला तर घाबरू नका आणि त्याला गायलाही लावू नका, त्या गंमतीनं लोक गेम सोडून गेलेले आहेत. "मी दरबानाला बोलण्यात गुंतवतो" एवढं म्हटलं की पर्सुएशनचा फासा टाकायला द्या, बस. बार्डिक इन्स्पिरेशन दुसऱ्याला डाइस देण्याचं काम आहे, त्याला प्लेयरचा आवाज लागत नाही, आणि गप्प बसणाऱ्या माणसाला ते बहुतेक वेळा फार छान जमते.

उलटा प्रकारही आहे, जुना खेळाडू जो मुद्दाम फायटर घेतो आणि तिसऱ्या सेशनला कंटाळतो कारण त्याला दर टर्नला पाच निर्णय घ्यायची सवय आहे. त्याला आधीच सांगा, बॅटल मास्टर (फायटरचाच डावपेचांचा सबक्लास) बघ.

बदलायची मुदत आधीच जाहीर करा

सेशन झिरोलाच सांगून टाका की तिसरी लेव्हल लागेपर्यंत कोणीही क्लास बदलू शकतो, प्रश्न विचारले जाणार नाहीत. २०१४ च्या नियमात तिसरी लेव्हल ९०० एक्सपीला (अनुभवाच्या पॉइंटना) लागते, पहिल्या दोन लेव्हल लवकर उडतात, त्यामुळे गोष्टीचं नुकसान काही होत नाही. कॅरेक्टर तेच, नाव तेच, शीट नवी. त्यासाठी गोष्टीत कारण शोधत बसायची गरज नाही, "काल वॉरलॉक होता आज फायटर आहे" याला टेबलावर कोणी विचारत नाही, आणि कॅरेक्टरला मारून नवं आणायची तर अजिबातच नाही, त्यात प्लेयरनं ठेवलेलं नाव, बहीण, कर्ज, सगळं वाया जाते.

ही मुदत असली की सुरुवातीची बोलणी हलकी होतात. ड्रुइडवाल्याला म्हणता येते, घे, खेळून बघ, नाही जमलं तर बदलू.

नाही म्हणायचं तेव्हा

काही वेळा नाहीच म्हणायचं. घरगुती क्लास जो पहिल्याच लेव्हलला दोनदा हल्ला करतो, बाकीच्यांना ते पाचव्या लेव्हलला मिळते, तो नाही. कोणाला एकट्यानं फिरणारा मारेकरी करायचा आहे जो पार्टीला रात्री लुटेल, तोही नाही. नाही लवकर म्हणा, कारण एका वाक्यात द्या, आणि सोबत दोन पर्याय ठेवा. "बघतो", "विचार करतो" असं लटकवून ठेवलं की तो तीन पानांची बॅकस्टोरी लिहून आणतो, मग नाही म्हणणं जड जाते.

आणि हे ओळखा की काही वेळा प्रश्न क्लासचा नसतोच. जो माणूस रोग घेऊन मित्रांचे खिसे कापतो आणि "माझं कॅरेक्टर असंच आहे" म्हणतो, तो क्लेरिक घेऊनही दानपेटीच फोडणार. त्याच्याशी शीटबद्दल नाही, वागण्याबद्दल बोला.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका, होकार देऊन मग खेळात वसुली. विझार्डचं पुस्तक दर दुसऱ्या सेशनला चोरी, ड्रुइडला फक्त लोखंडाची आर्मर सापडते जी तो घालतच नाही, रेंजरला सहा महिने एक झाड दिसत नाही. प्लेयर मूर्ख नसतो, त्याला कळते, आणि तो क्लास बदलत नाही, शनिवारी यायचं बंद करतो.

गेम सुरू झाल्यावर

दोन-तीन सेशन झाले की बघत राहा. टर्न नसताना कोण मोबाइलमध्ये आहे, टर्न आला की कोण दर वेळी "मी काय करू?" विचारते, कोणाच्या शीटवरची एखादी गोष्ट एकदाही वापरली गेली नाही. दुसऱ्या दिवशी एकट्याला मेसेज टाका: "काल तुला कोणता भाग आवडला?" क्लासबद्दल विचारूच नका. त्यानं जो भाग सांगितला त्यात त्याचा क्लास कुठेच नसेल तर मग भेटून बोला.

तिसऱ्या लेव्हलनंतर बदलायचं झालं तर थोडा हिशोब लागतो. सबक्लास बदलायची सोय टाशाच्या पुस्तकात आहेच, तेवढ्यानं भागत असेल तर तिथेच थांबा. पूर्ण क्लास बदलायचा तर लेव्हल तीच ठेवा, एकानेही कमी करू नका, आणि जादूच्या वस्तूंचं आधी ठरवा. रेंजर बनला फायटर तर त्याचं धनुष्य त्याच्याकडे राहील, पण बार्बेरियन बनला ड्रुइड तर ती मोठी कुऱ्हाड पार्टीतल्या ज्याला चालते त्याला जाऊ द्या आणि पुढच्या खजिन्यात ड्रुइडच्या कामाचं काहीतरी ठेवा, नाहीतर कुऱ्हाडीवरून जे भांडण होते ते क्लासच्या भांडणापेक्षा लांब चालते.